फौजेतला एक्स-रेवाला गावी येतो तेव्हा

मालवण किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावात निवृत्त फौजी भेटतोच. कुणी मराठा लाइट इन्फंट्रीतून आलेला, कुणी नौदलातून, कुणी आर्मी मेडिकल कोअरमधून. सतरा-वीस वर्षं नोकरी करून माणूस परततो तेव्हा वय चाळिशीच्या आसपास असतं. मुलं शाळेत असतात, घराची कौलं काढून पत्रे घालायचे असतात, आईवडील थकलेले असतात. पेन्शन येते, पण तेवढ्यात भागत नाही. मग तो बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहतो, रिक्षा घेतो, नाहीतर तारकर्ली-देवबागला पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधतो. यात कमीपणा काही नाही. पण ज्यानं पंधरा वर्षं लष्करी रुग्णालयात एक्स-रे आणि सीटी स्कॅनची यंत्रं चालवली, तोही त्याच बंदुकीमागे उभा दिसला की मला चुटपुट लागते. आपल्या जिल्ह्यातले किती रुग्ण मोठ्या तपासणीसाठी गोव्यात बांबोळीला धावतात, हे काही मी सांगायला नको.

कवितेच्या माणसाला यातलं काय कळतं, असं तुम्ही विचाराल. मी बी.ए. झालेला आणि चार ओळी नीट लिहिणारा, म्हणून आसपासच्या वाड्यांतली माणसं अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे येतात. काही वर्षांपूर्वी एक हवालदार आले. मेडिकल कोअरमध्ये रेडिओग्राफर होते. एका खासगी रुग्णालयानं त्यांना सुरक्षारक्षकाची जागा देऊ केली होती, आणि गंमत म्हणजे त्याच रुग्णालयाला एक्स-रेसाठी माणूस हवा होता. मी विचारलं, नेमकं काय काय काम केलंत? ते म्हणाले, "मिया सगळा केलंय, भाई. पण कागदार काय लिवचा?"

प्रश्न अगदी मुळाचा होता. त्यांच्यामुळेच मी या विषयात शिरलो.

फौज आणि क्ष-किरण यांचं नातं जुनं आहे. रॉन्टगेन यांना हे किरण ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीत सापडले आणि दोनच वर्षांत त्यांचं यंत्र हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर पोचलं. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत सर्जन-मेजर बीव्हर यांनी जखमींच्या अंगात रुतलेल्या गोळ्या शोधायला ते डोंगराळ मुलखात वापरलं. पहिल्या महायुद्धात मादाम क्यूरींनी मोटारींवर यंत्रं चढवून आघाडीपर्यंत नेली आणि ती चालवायला दीडशेच्या आसपास बायका शिकवून तयार केल्या. आपल्या आर्मी मेडिकल कोअरची स्थापना १९४३ ची. नर्सिंग असिस्टंट, लॅब असिस्टंट, ऑपरेशन रूम असिस्टंट यांच्या जोडीला रेडिओग्राफर हा तिथला एक स्वतंत्र ट्रेड.

लोकांना वाटतं, लष्करी रुग्णालय म्हणजे सगळे गोळी लागलेले जवान. प्रत्यक्षात पुण्याचं कमांड हॉस्पिटल घ्या किंवा मुंबईत कुलाब्याचं नौदलाचं अश्विनी. तिथं जवानांच्या बायका येतात, मुलं येतात, म्हातारे आईवडील येतात, माजी सैनिक येतात. कुणाची छाती भरलेली, कुणाचा मणका झिजलेला, कुणी पोर झोपाळ्यावरून पडलेलं. हाड किरण अडवतं म्हणून पांढरं दिसतं, हवा अडवत नाही म्हणून फुप्फुस काळं. पण किडकिडीत पोराला किती मात्रा द्यायची, जाड माणसाला किती, मोडका हात न दुखवता यंत्राखाली कसा ठेवायचा, हे रोजच्या सवयीनंच येतं. म्हणजे नागरी रुग्णालयात जे काम असतं, तेच हा माणूस इतकी वर्षं करत आलेला असतो. फक्त ते सांगायचे त्याचे शब्द वेगळे असतात.

हवालदारांच्या पहिल्या बायोडेटात ट्रेड क्लास होता, युनिटचा नंबर होता, "एमआय रूम" होती, पदकं होती. खासगी रुग्णालयाच्या कचेरीत बसलेल्या पोरीला अमुक नंबरचं मिलिटरी हॉस्पिटल म्हणजे पन्नास खाटांचं की सहाशे खाटांचं हे कसं कळावं? आम्ही तो कागद फाडला आणि नवा लिहिला. रुग्णालय किती खाटांचं, यंत्रं कोणती, दिवसाला साधारण किती रुग्ण, फिल्म धुण्याचं काम केलं की डिजिटलचं, शस्त्रक्रिया चालू असताना सी-आर्म हाताळलं का, सीटीवर किती वर्षं, हाताखाली किती माणसं. पदकं शेवटी एका ओळीत गेली. त्यांना ते जरा लागलं, पण ते बोलले नाहीत.

खरी अडचण पुढं आली. मॅट्रिक झालेल्या आणि पंधरा वर्षं सेवा केलेल्या माजी सैनिकाला पदवीची अट असलेल्या काही सरकारी जागांसाठी पात्र धरतात. फौजी मंडळींना हे ठाऊक असतं आणि ती निर्धास्त राहतात. पण ही सवलत तांत्रिक किंवा व्यावसायिक अनुभव आवश्यक नसलेल्या जागांपुरती आहे. कारकुनीच्या टेबलापर्यंत ती चालते, एक्स-रेच्या खोलीच्या दाराशी थांबते. आत शिरायला रेडिओग्राफीचा मान्य अभ्यासक्रम केल्याचं प्रमाणपत्रच लागतं. पुनर्वसन महासंचालनालयाकडं सैन्यातला कुठला ट्रेड नागरी जीवनातल्या कुठल्या कामाच्या बरोबरीचा, याची यादी आहे. ती अर्जाला जोडावी, उपयोग होतो. पण ज्या जागेला ठरावीक पदविका किंवा पदवी मागितली आहे, तिथं नुसत्या यादीवर विसंबू नये. २०२१ साली संसदेनं डॉक्टर आणि परिचारिकांखेरीजच्या आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्यात वैद्यकीय प्रतिमांचं तंत्रज्ञानही येतं. म्हणजे वारं नोंदणीच्या आणि मान्य पदवीच्या दिशेनं वाहतंय. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा पॅरामेडिकलचा पदवी अभ्यासक्रम तीन वर्षांचा, वर आंतरवासिता. चाळिशीत घर सांभाळून तो करणं फार थोड्यांना जमतं. जे शिकायचं ते अंगावर वर्दी असतानाच शिकून घेतलेलं बरं.

आमच्या मोहल्ल्यातली एक गोष्ट मला इथं आठवते. माझ्या चुलत्यांच्या पिढीतले निम्मे पुरुष बोटीवर होते. खलाशाची सीडीसी, जिला जुनी माणसं 'नळी' म्हणायची, घरात दागिन्यांच्या जोडीनं ठेवलेली असायची. कुठल्या जहाजावर चढला, कुठल्या तारखेला उतरला, काय कामावर होता, सगळं शिक्क्यानिशी तीत. त्या एका पुस्तिकेवर अक्षरओळख नसलेला माणूसही दुसऱ्या कंपनीच्या जहाजावर चढत असे. फौजेतल्या रेडिओग्राफरनं तशी आपली नळी स्वतःच तयार करायला हवी. अभ्यासक्रमाचं मूळ प्रमाणपत्र, त्यात किती तास शिकवलं आणि काय शिकवलं याचा तपशील, गुणपत्रिका, प्रत्येक रुग्णालयातल्या वरिष्ठ डॉक्टरचं कोणत्या यंत्रावर किती काळ काम केलं हे सांगणारं पत्र. हे सारं सेवेत असताना एका सहीचं काम असतं. नंतर साहेबांची बदली होते, कुणी निवृत्त होतं, आणि गावाहून पत्रं लिहीत बसावं लागतं. हवालदारांचे आठ महिने त्यातच गेले. त्यांच्याकडं पदविका होती म्हणून निभावलं. आज ते तालुक्याच्या ठिकाणी तंत्रज्ञ आहेत.

त्या कागदांत आणखी एक कागद हवा, आणि तो घरच्यांसाठीही हवा. रेडिओग्राफर छातीवर टीएलडी नावाचा छोटा बॅज लावतो. त्याच्या अंगावर किती किरण पडले ते त्यात साठतं आणि साधारण दर तीन महिन्यांनी मोजलं जातं. ही मोजलेल्या मात्रेची नोंद निवृत्त होताना मागून घ्यावी. नव्या ठिकाणी पुढची नोंद तिला जोडता येते. आणि घरातली माणसं म्हणतात ना, "इतकी वर्षं त्या किरणांत काढलीत, आता तरी बाहेर या," त्यांच्यापुढं ती ठेवावी. आपल्या देशात किरणांत काम करणाऱ्याला पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० ही मर्यादा आहे. जमिनीतून, आकाशातून, अन्नातून तुम्हाआम्हाला जगभराच्या सरासरीनं वर्षाला २.४ मिळतातच. आडोशामागं उभं राहून नीट काम करणाऱ्याची नोंद मर्यादेच्या कितीतरी खाली असते. बायकोची भीती नुसत्या शब्दांनी जात नाही, आकडे दाखवले तर निदान ती ऐकून घेते.

जागा कुठं असतात? राज्य शासनाच्या क आणि ड गटांत माजी सैनिकांसाठी १५ टक्के आरक्षण आहे, आणि सरकारी रुग्णालयांतली क्ष-किरण तंत्रज्ञाची जागा क गटातली. केंद्राच्या क गटात १० टक्के. वयाची चिंता नको, सेवेची वर्षं वयातून वजा होतात. माजी सैनिकांसाठी २००३ पासून चाललेल्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकांत कंत्राटी नेमणुका असतात, तिथं माजी सैनिकांना प्राधान्य. जिल्ह्यात ओरोसला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं, पडव्याला खासगी आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवायला मात्र अनेक जण पहिली दोन वर्षं जातच नाहीत. विश्रांती घेतो म्हणतात, आणि तेवढ्यात हातातलं यंत्र जुनं होतं.

पेन्शनची एकरकमी रक्कम हातात आली की काहींच्या मनात येतं, आपणच सेंटर टाकू. त्यांना दोन गोष्टी सांगतो. एक, सोनोग्राफीचा विचार सोडा. गर्भलिंगनिदानाविरुद्ध पहिला कायदा १९८८ मध्ये आपल्या महाराष्ट्रानं केला, १९९४ मध्ये देशानं. त्यानुसार केंद्राची नोंदणी लागते, आणि तपासणी पात्र डॉक्टरनंच करायची. तंत्रज्ञानं नाही, मग तो कितीही अनुभवी असो. दोन, एक्स-रे काढता येईल, पण अहवाल लिहिता येणार नाही. तो रेडिओलॉजिस्टचाच. इंटरनेट आल्यापासून ही अडचण पुष्कळ सोपी झाली. फोटो इथं काढायचा, पुण्याच्या डॉक्टरनं तो तिथं बसून वाचायचा.

यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, आणि खोली त्यांच्या नियमात बसावी लागते. आता आपल्याकडची खास गोष्ट. नियमांतले हिशेब विटेच्या नाहीतर काँक्रीटच्या भिंतीचे आणि शिशाच्या पत्र्याचे असतात. आपली भिंत चिऱ्याची. जांभा छिद्राळ असतो, एका खाणीतला दुसऱ्यासारखा नसतो. तेव्हा जुन्या घराच्या पडवीत यंत्र बसवण्याआधी जाणकाराकडून खोलीचा नकाशा तपासून घ्यावा, बसवल्यावर भिंतीपलीकडं किरण येतात का ते मोजून घ्यावं, आणि पलीकडं शेजाऱ्याचं माजघर असेल तर खोलीच दुसरी निवडावी.