ई-मेलचे घर : मालकीचे की भाड्याचे?

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये देशातील बँकांना एक निर्देश दिला. ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे ‘बँक डॉट इन’ या राखीव नावाखाली आणावीत, असा तो निर्देश होता. नागरी सहकारी बँका आणि जिल्हा मध्यवर्ती बँकाही त्यातून सुटल्या नव्हत्या. संकेतस्थळाचे नाव बदलले की ई-मेलचे पत्तेही ओघानेच बदलू लागतात. सहकाराने व्यापलेल्या नगर जिल्ह्याचे तर नावच २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. अशा वेळी ई-मेलसाठी सॉफ्टवेअर कोणते घ्यावे, हा प्रश्न संगणक विभागावर सोपवून संचालक मंडळे मोकळी होतात. वस्तुतः तो तांत्रिक कमी आणि आर्थिक अधिक आहे.

ई-मेलची यंत्रणा ही एकच वस्तू नव्हे. एक भाग पत्रे घेतो व धाडतो, दुसरा ती साठवतो, तिसरा बनावट पत्रे गाळतो. ‘पोस्टफिक्स’ किंवा ‘एक्झिम’ पहिले काम करते, ‘डव्हकॉट’ दुसरे आणि ‘आरस्पॅमडी’ तिसरे. ही सॉफ्टवेअरे विनामूल्य मिळतात. याउलट मायक्रोसॉफ्टचे ‘एक्स्चेंज’ विकत घ्यावे लागते, तर गूगल, झोहो यांसारख्या कंपन्यांकडे दरडोई भाडे भरून सारी व्यवस्था सोपवता येते.

विनामूल्य वस्तूचा मोह स्वाभाविक आहे. परंतु सॉफ्टवेअर फुकट मिळाले तरी त्याची राखण फुकट होत नाही. १९८८ मध्ये ‘मॉरिस वर्म’ने अनेक संगणकांत शिरकाव केला, तो ‘सेंडमेल’ या त्या काळच्या प्रचलित सॉफ्टवेअरमध्ये उघड्या राहिलेल्या एका वाटेनेही. फेब्रुवारी २०२४ पासून तर मोठ्या संख्येने पत्रे धाडणाऱ्यांनी आपली ओळख तांत्रिक खुणांनी पटवावी, असा आग्रह गूगलने धरला आहे. तेथे हयगय झाली, तर कर्जमंजुरीचे पत्र सभासदापर्यंत पोहोचतच नाही.

समजा, दरडोई भाडे महिना १५० रुपये आणि जाणकार माणसाचा पगार महिना ३०,००० रुपये आहे. वीस कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेला भाडे ३,००० रुपये पडेल. तिने स्वतंत्र माणूस नेमणे हा अपव्ययच. दोनशे कर्मचाऱ्यांपाशी दोन्ही खर्च समान होतात, आणि हजारांच्या संस्थेला भाड्यापोटी दीड लाख मोजावे लागतात. अर्थात एकट्या माणसाच्या भरवशावर यंत्रणा ठेवणे हाही धोकाच. तो नोकरी सोडून गेला, तर किल्ल्याही त्याच्याबरोबर जातात.

विकत घेतले म्हणजे कायमचे झाले, असेही नाही. ‘एक्स्चेंज’च्या २०१६ व २०१९ या आवृत्त्यांना कंपनीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. दुसरीकडे, केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे ई-मेल झोहोच्या यंत्रणेवर गेले. पण पत्ते सरकारचेच राहिले. यातील बोध महत्त्वाचा आहे. घर भाड्याचे चालेल, पत्ता मात्र स्वतःच्या मालकीचा हवा. जुनी पत्रे सहज बाहेर नेता येतील, ही अट करारात हवी. नाव बदलल्यावरही जुन्या पत्त्यावर आलेले पत्र काही काळ स्वीकारले गेले पाहिजे. अन्यथा सभासदाची तक्रार वाटेतच हरवेल.

राहिला प्रश्न लहान संस्थांचा. एकट्या शेतकऱ्याला साखर कारखाना उभारता येत नव्हता, म्हणून विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५०-५१ मध्ये प्रवरेकाठी लोणीला सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले. ज्या जिल्ह्याने ऊस एकत्र गाळला, त्यातील वीस-पंचवीस पतसंस्थांनी मिळून एक ई-मेल यंत्रणा आणि ती राखणारी दोन माणसे ठेवणे अशक्य का वाटावे? दोघांचा पगार पंचवीस ठिकाणी वाटला, तर दर संस्थेवर महिना २,४०० रुपये भार पडतो. सॉफ्टवेअरच्या निवडीआधी संचालकांनी हा हिशेब मांडावा, हे बरे.