परदेशी जाणाऱ्या सभासदांसाठी चार गोष्टी

आपले बरेच सभासद मुला-नातवंडांना भेटायला अमेरिकेला जातात, म्हणून शेतकी खात्यातर्फे आम्ही हे सुचवतो.

व्हिसाची मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकन वकिलातीत होते. ही कचेरी २०११ साली तेथे आली. मोबाईल आत नेता येत नाही. विचारतील तेवढेच, पण खरे सांगावे.

सामानात बियाणे, रोपे, ताजी फळे नकोत. खाण्याचे जिन्नस तिथल्या कस्टमला आधी सांगावेत; लपवल्यास दंड होतो. बुटाची माती धुऊनच निघावे. तिकडे रांग मोडू नये, कुणाचा पगार विचारू नये.

परतताना हौसेने उसाचे बेणे आणू नका. परवान्याशिवाय त्यास मनाई आहे. एका रोगट टिपरीने साऱ्या शिवारातले फड बसतील.