तसबिरीतील सत्ययुग

गेल्या महिन्यात मलकापुरातील महामार्गाकाठचे जुने तसबिरींचे दुकान बंद झाले आणि त्याच्या दर्शनी भागावर कोणा पुढाऱ्याच्या कारकिर्दीस रामराज्य म्हणून गौरविणारा अवाढव्य फ्लेक्स चढला, तेव्हा छापील सुवर्णयुगाची जुनी बाकी एकदा काढावी असे मनाने घेतले.

नेदरलँड्समधील हार्लेम नगरीने 1573 मध्ये सात महिन्यांच्या वेढ्यात उपासमार भोगून शरणागती पत्करली. त्याच नगरीत 1589 च्या सुमारास चित्रकार गोल्तझियसच्या रेखाटनावरून रोमन कवी ओव्हिडचे सुवर्णयुग, म्हणजे नांगरावाचून पिकणारी भूमी आणि तटबंदीवाचून नांदणारी माणसे, तांब्याच्या पत्र्यावर कोरले गेले. इकडे 1876 ते 1878 च्या दुष्काळात दख्खनचा मुलूख होरपळला, आणि 1878 सालीच पुण्यात चित्रशाळा छापखाना निघून त्याचे रामपंचायतन घरोघर पोहोचले. रविवर्म्याचा 1894 चा मुंबईतील छापखाना पुढे मळवलीस गेला. त्यानंतरची कित्येक दशके समीक्षकांनी ‘बाजारी’ या एका शेऱ्यात निकालात काढली. मलाही त्या दशकांचे फारसे अगत्य नाही.

माझे दशक सत्तरीचे. 1972 च्या अवर्षणात माण-खटावची माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडीत होती, सुकडी आणि तांबड्या मिलोवर दिवस काढीत होती; त्याच साली मळवलीचा छापखाना आगीत भस्मसात झाला. आमच्या माजघरात, वार्निश पिवळे पडलेल्या रामपंचायतनाखाली, आई मिलोची भाकरी वाढी आणि वडील, तगाईचा अर्ज फेटाळणाऱ्या मामलेदाराची उलटतपासणी जणू त्याच दरबारात चालली आहे अशा आवेशाने, वर पाहून बोलत. शहरातून शिकून आलेले आमचे चित्रकलेचे मास्तर अशा तसबिरींना ‘कॅलेंडर’ म्हणून नाक मुरडीत. त्यांच्या घरच्या सेझानच्या नकलेपुढे मात्र कोणी गाऱ्हाणे मांडल्याचे ऐकिवात नाही.

मलकापुरास आज नळाला चोवीस तास पाणी मिळते, ही खरोखर थोर गोष्ट. तिला रामराज्याची उपाधी कशाला हवी होती? फ्लेक्सवरचे सत्ययुग आधीच अवतरलेले असते, त्यामुळे त्याच्यापुढे फिर्याद गुदरण्याची सोयच उरत नाही.

जुन्या तसबिरी आता दलाल पडक्या वाड्यांतून उचलून मुंबईच्या उपाहारगृहांस विकतात. गेल्या दिवाळीत त्यांतला एक आमच्याकडेही आला. रामाकडे त्याने क्षणभरही पाहिले नाही, वाकून विचारले ते एवढेच, की खाली छापखान्याचे नाव शाबूत आहे काय.