ठोकळ्यांच्या जगातली दलदल

शाळेला सुटी लागली, की घरातली मुले संगणकासमोर किंवा मोबाइल हातात घेऊन ज्या खेळांत तासन् तास रमतात, त्यांत ‘माइनक्राफ्ट’चे नाव अग्रभागी असते. स्वीडनच्या मार्कस पर्सन यांनी २००९ साली या खेळाची पहिली आवृत्ती लोकांपुढे ठेवली. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये तो पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला, २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याची निर्माती कंपनी अडीच अब्ज डॉलरना विकत घेतली आणि २०२३ पर्यंत त्याच्या तीस कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. घनाकृती ठोकळे खणायचे, गोळा करायचे आणि त्यांतून मनाजोगे काही रचायचे, एवढाच या खेळाचा गाभा. परंतु हे ठोकळे ज्या भूमीवर मांडायचे, तिचे भूगोलाच्या पुस्तकासारखे प्रकार आहेत. वाळवंट, हिमप्रदेश, घनदाट अरण्य, गवताळ माळ अशा या प्रदेशांना खेळाच्या परिभाषेत ‘बायोम’ म्हणतात. त्यांतलाच एक, आणि नवख्या खेळाडूने हमखास टाळलेला, प्रदेश म्हणजे दलदल.

टाळण्यास कारणही आहे. दलदलीत पाऊल टाकताच जगाचा रंग उतरतो. गवताची हिरवाई मळकट होते, पाणी निळे न राहता राखाडी हिरवे दिसू लागते. जमीन समुद्रसपाटीच्या बरोबरीने पसरलेली असते आणि उथळ डबक्यांनी तुटक तुटक झालेली असते. ओकच्या झाडांवरून वेली लोंबत असतात, पाण्यावर कमळासारखी पाने तरंगत असतात. सरळ चालता येत नाही, धड पोहताही येत नाही. घर बांधण्यासाठी सपाट, कोरडी जमीन शोधणारा खेळाडू येथून काढता पाय घेतो.

रात्र झाली, की दलदलीचे दुसरे रूप दिसते. हिरव्या, पारदर्शक जेलीच्या ठोकळ्यांसारखे ‘स्लाइम’ नावाचे जीव उड्या मारत फिरू लागतात. मोठ्या स्लाइमवर घाव घातला, की त्याचे मध्यम आकाराचे तुकडे होतात, त्यांचे आणखी लहान. सर्वांत लहान स्लाइम निरुपद्रवी असतो. विशेष म्हणजे दलदलीतल्या त्यांच्या संख्येवर चंद्राची सत्ता चालते. खेळातला एक दिवस आपल्या वीस मिनिटांचा आणि चंद्राच्या कला आठ, म्हणजे पौर्णिमा ते पौर्णिमा हे अंतर आपल्या घड्याळाने दोन तास चाळीस मिनिटांचे होते. पौर्णिमेच्या रात्री दलदलीत स्लाइमची सर्वाधिक गर्दी होते, अमावास्येला तेथे एकही उपजत नाही. तिथी पाहून कामाला लागण्याची शिस्त हा खेळ नकळत लावतो, ती अशी.

एवढी खटपट कशासाठी, असा प्रश्न पडेल. उत्तर आहे चिकट गोळा. स्लाइम मारल्यावर मिळणाऱ्या या गोळ्यापासून चिकट पिस्टन तयार होतो आणि गुप्त दरवाजे, उघडमीट करणारे पूल, स्वयंचलित शेते अशी सारी यंत्रे त्याच्यावर चालतात. जमिनीखाली खोलवर, विखुरलेल्या ठरावीक पट्ट्यांतही स्लाइम सापडतात. पण तेथे शोधाशोध फार. दलदलीत मात्र ते स्वतःहून भेटीला येतात. शिवाय तळ्यांच्या तळाशी चिकणमाती मिळते, काठावर ऊस आणि अळंबी मिळतात, आणि निळे ऑर्किड हे फूल तर निसर्गतः याच प्रदेशात उगवते. ज्याला ओसाड समजून सोडून दिले, तेच कोठार निघते.

धोके अर्थातच आहेत. दलदलीत क्वचित खांबांवर उभारलेली एक लाकडी झोपडी दिसते. २०१२ मध्ये ती खेळात आली. आत कढई, कुंडीतली अळंबी, एक काळे मांजर आणि विषारी काढे फेकून मारणारी चेटकीण असते. २०२४ मध्ये त्यात ‘बॉग्ड’ची भर पडली. अंगावर शेवाळ, डोक्यावर अळंबी असा हा सांगाडा विषारी बाण मारतो. विषावर उतारा घरगुती आहे, तो म्हणजे दूध. म्हणून दलदलीत उतरताना दुधाची बादली, वेली कापायला कात्री आणि लाकडी होडी जवळ असावी. पहिली पाहणी दिवसाउजेडी करावी आणि रात्रीच्या मुक्कामाची जागा अंधार पडण्यापूर्वी ठरवावी.

अनेक वर्षे दलदलीचे स्वरूप एवढ्यावरच थांबले होते. २०२२ च्या जूनमधील आवृत्तीने तिला नवे आयुष्य दिले. या आवृत्तीत बेडूक आले. बेडूक लहान स्लाइम गिळतो आणि चिकट गोळा मागे ठेवतो. बेडकाचे पिल्लू बादलीतून दुसऱ्या प्रदेशात नेले, तर मोठेपणी त्याचा रंग तेथील हवामानाप्रमाणे ठरतो. थंडीत हिरवा, उष्ण प्रदेशात पांढरा, समशीतोष्ण प्रदेशात नारिंगी. बेडकांनी काजवे खावेत अशीही मूळ योजना होती. तथापि काही जातींच्या बेडकांना काजवे विषारी ठरतात हे निदर्शनास आल्यावर निर्मात्यांनी काजवेच वगळले. खेळात पाहिलेले एखादे मूल आपल्या पाळीव बेडकाला खरोखर काजवा भरवील, ही शक्यता उरली नाही. पुढे २०२५ च्या मार्चमध्ये काजव्यांचे झुडूप खेळात आले, पण बेडकांचे खाद्य म्हणून नव्हे.

याच आवृत्तीत खारफुटीची दलदल हा स्वतंत्र प्रदेश निर्माण झाला. तेथील झाडे मुळांच्या तिवईवर उभी असतात आणि मुळांखाली चिखल असतो. फांद्यांना लोंबणारे अंकुर तोडून लावले, की नवे झाड येते, आणि ते पाण्याखालीही लावता येतात. ही कल्पना निर्मात्यांच्या मनची नाही. कांदळाचे बीज खरोखरच आईच्या फांदीवर असतानाच रुजते आणि लांब शेंगेसारखा तो अंकुर मग चिखलात पडतो. चिखलात गहू मिसळून घट्ट माती आणि तिच्यापासून विटा करण्याची खेळातली रीतही, मातीत भुसा कालवून कच्च्या विटा पाडणाऱ्यांना ओळखीची वाटावी. त्रुटीही आहेत. खेळातल्या पाण्याला खारेपणा नाही, भरती-ओहोटी नाही. ज्या दोन गोष्टींवर खऱ्या खारफुटीचे जीवन चालते, त्याच येथे अनुपस्थित आहेत.

आता एक तपशील, जो अनुभवी खेळाडूंनाही बहुधा उशिरा कळतो. डबकी बुजवून, झाडे तोडून, फरशी घालून दलदलीच्या जागी आख्खे शहर वसवता येते. तसे केल्याने पूर येत नाही की कोणी दंड करीत नाही. मात्र ती जागा दलदलच राहते. कारण या खेळात प्रदेशाची ओळख ठोकळ्यांवर अवलंबून नसते. ती त्या स्थानाशी जोडलेली असते आणि खास आज्ञा दिल्याखेरीज पुसली जात नाही. शहरात अंगण केले, तर गवत मळकटच उगवते. हौद बांधला, तर पाणी राखाडी हिरवेच दिसते. आणि पौर्णिमेच्या रात्री, जेथे दिव्यांचा उजेड पुरेसा पोहोचत नाही अशा गल्लीत, स्लाइम पुन्हा उड्या मारू लागतात. भराव वर येतो, खालची दलदल जात नाही.

मुंबईकर वाचकाला याचा अर्थ निराळा सांगायला नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा पाण्याने मिठी नदीकाठच्या, कधीकाळी दलदल आणि खारफुटी असलेल्या जागा नेमक्या शोधून काढल्या. वांद्रे-कुर्ला संकुलासारखी वसाहत अशाच जमिनीवर भराव घालून उभी राहिली आहे. पुढे २०१८ मध्ये खारफुटीचा नाश म्हणजे नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग असल्याचा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाने दिला आणि २०२० मध्ये राज्याने पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला. जमिनीचा स्वभाव कागदावर बदलला म्हणून बदलत नाही, हे आपण मोठी किंमत देऊन शिकलो.

खेळात याला एक पर्यायही सुचवलेला आहे. दलदलीत गावे आपोआप वसत नाहीत. तरीही २०१९ पासून तेथे जन्मणाऱ्या गावकऱ्यासाठी वेगळा पोशाख तयार आहे, आणि त्याच्या डोक्यावर पाण्यावरचे तेच पान असते. म्हणजे येथे राहायला कोणी आलेच, तर त्याने दलदलीचे होऊन राहावे, अशी ही तजवीज. चेटकिणीची झोपडीही भरावावर नाही, खांबांवर आहे. घरातले मूल या सुटीत दलदल बुजवायला निघाले असेल, तर त्याला अडवू नये. पौर्णिमेपर्यंत थांबावे आणि मग दोघांनी मिळून त्या शहरातून एक फेरी मारावी. खांबांवरचे घर कसे बांधायचे, हा प्रश्न त्यानंतर बहुधा तेच विचारील.