रॉजर ॲक्रॉइडचा खून : वाचकांचा रोष आणि टीकाकारांचा वाद

रहस्यकथेला वाङ्मयाच्या पंक्तीत पाट मांडावा की नाही, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा चर्चेविनाच निकालात निघतो. शाळेच्या ग्रंथालयातील ज्या कपाटावर विद्यार्थ्यांची झुंबड उडते, त्या कपाटाविषयी शिक्षकांच्या खोलीत कोणी अवाक्षरही काढत नाही. आवड एकीकडे आणि आदर दुसरीकडे, असा हा प्रकार आहे. अशा स्थितीत एखाद्या खुनाच्या कादंबरीवर नव्वदांहून अधिक वर्षे वाद चालावा, त्यात धर्मगुरूंपासून कवींपर्यंत आणि समीक्षकांपासून मनोविश्लेषकांपर्यंत अनेकांनी भाग घ्यावा, ही घटना आपण समजून घेण्याजोगी आहे. ही कादंबरी म्हणजे अगाथा ख्रिस्ती या इंग्रज लेखिकेची 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड'. तिच्यासंबंधी वाचकांनी व टीकाकारांनी दिलेल्या परस्परविरोधी अभिप्रायांचा परामर्श घेऊन, त्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न स्पष्ट करणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. कादंबरीतील गुपित उघड केल्यावाचून हे विवेचन होणे शक्य नाही. ज्यांना ती आधी वाचावयाची असेल त्यांनी येथेच थांबावे, हे उत्तम.

ही कथा प्रथम 1925 मध्ये लंडनच्या 'ईव्हनिंग न्यूज' या सायंदैनिकात 'हू किल्ड ॲक्रॉइड?' या नावाने क्रमशः प्रसिद्ध झाली आणि 1926 मध्ये ग्रंथरूपाने बाहेर पडली. कथानक एका लहानशा इंग्रज खेड्यात घडते. फेरर्स नावाच्या एका श्रीमंत विधवेचा झोपेच्या औषधाने मृत्यू होतो. तिने आपल्या नवऱ्याला विष घातले होते आणि ते गुपित जाणणारा कोणी इसम तिच्याकडून पैसे उकळत होता. मरणापूर्वी त्या इसमाचे नाव तिने एका पत्रात लिहून ते रॉजर ॲक्रॉइड या गृहस्थाकडे धाडले. ज्या रात्री ते पत्र त्याच्या हाती पडले, त्याच रात्री आपल्या अभ्यासिकेत पाठीमागून सुरा खुपसलेल्या अवस्थेत तो मृत आढळला, आणि पत्र नाहीसे झाले. संशय त्याच्या सावत्र मुलावर येतो. सेवानिवृत्त होऊन शेजारीच भोपळ्यांची लागवड करीत बसलेला बेल्जियन गुप्तहेर एर्क्यूल प्वारो तपास हाती घेतो.

हा सारा वृत्तांत सांगतो गावातला डॉक्टर शेपर्ड. तो शांत, विनयी आणि थोडा मिस्कील आहे. गावभरच्या बातम्या घरबसल्या गोळा करणाऱ्या अविवाहित बहिणीसह तो राहतो. शेरलॉक होम्सच्या कथांत डॉक्टर वॉटसन जे काम करतो, तेच येथे हा डॉक्टर करतो, म्हणजे गुप्तहेराच्या मागून हिंडणे, चकित होणे आणि सर्व काही आपल्याला सांगणे. शेवटी प्वारो खुनी म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवितो तो हाच डॉक्टर असतो. पैसे उकळणाराही तोच. म्हणजे ज्याच्या डोळ्यांनी वाचकाने सर्व काही पाहिले, त्याचेच हात रक्ताने माखलेले असतात.

हा शेवट वाचून अनेक वाचक संतापले. त्यांची तक्रार साधी होती. निवेदकावर विश्वास ठेवणे हा कथा ऐकण्याचा पहिला नियम आहे. तो विश्वासच लेखिकेने हत्यार म्हणून वापरला. खुनी कोण हे ओळखण्याचा डाव मांडावयाचा आणि सोंगट्या मांडणाऱ्यालाच चोर ठरवावयाचे, हा खेळ नव्हे, ही लबाडी आहे, असे त्यांना वाटले. अमेरिकेत एस. एस. व्हॅन डाइन या टोपणनावाने रहस्यकथा लिहिणाऱ्या विलर्ड हंटिंग्टन राइट याने 1927 मध्ये याच मताला दुजोरा दिला. ही क्लृप्ती रहस्यकथाकाराच्या न्याय्य साधनांत बसत नाही, असा त्याचा निर्णय होता. पुढील वर्षी त्याने रहस्यकथेचे वीस नियम प्रसिद्ध केले. गुन्हेगार गुप्तहेराला ज्या रीतीने फसवितो त्यापलीकडे लेखकाने वाचकाला फसवू नये, असा एक नियम त्यांत आहे. रोनल्ड नॉक्स हे कॅथलिक धर्मगुरू व रहस्यकथाकार. 1929 मध्ये त्यांनी दहा आज्ञा सांगितल्या, त्यांत ज्याच्या मनातील विचार वाचकाला कळू दिले आहेत तो गुन्हेगार असू नये, आणि गुप्तहेराच्या मित्राने आपल्या मनात येणारा कोणताही विचार लपवू नये, असे दोन निर्बंध होते. मात्र यांपैकी पहिल्याचे स्पष्टीकरण करताना ख्रिस्तीबाईंच्या काही अद्भुत करामतींमुळे हा नियम काटेकोरपणे मांडणे कठीण झाले आहे, अशी कबुलीही त्यांनी मोकळेपणाने दिली. ज्या ग्रंथाने नियम करणाऱ्यालाच अडखळायला लावले, त्याचे सामर्थ्य यावरून ध्यानी यावे.

उलट पक्षाची बाजू डोरोथी सेयर्स यांनी मांडली. त्या स्वतः उत्तम रहस्यकथाकार. 1928 च्या आपल्या संग्रहाच्या प्रस्तावनेत त्यांनी म्हटले की, हा राग चतुराईने फसविल्या गेलेल्या माणसाचा स्वाभाविक राग आहे, त्याहून अधिक काही नाही. आवश्यक तो सर्व पुरावा वाचकापुढे ठेवलेला आहे. सर्वांवर संशय घेणे हे वाचकाचे कामच आहे. खुद्द लेखिकेनेही, तिच्या मृत्यूनंतर 1977 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात, हेच उत्तर दिले. लक्षपूर्वक वाचणाऱ्याला आपला आक्षेप चुकीचा असल्याचे कळेल. डॉक्टरने लिहिले ते सारे खरे आहे, फक्त सारे खरे त्याने लिहिलेले नाही, असा तिचा आशय आहे. याच आत्मचरित्रात या कल्पनेचे श्रेय ती दोघांना देते. एक तिचे आप्त जेम्स वॉट्स आणि दुसरे लॉर्ड माउंटबॅटन. पुढे 1947 मध्ये भारताचे अखेरचे व्हाइसरॉय म्हणून आपल्या परिचयाचे झालेले हेच गृहस्थ.

आता आपल्या मराठीत एक सूक्ष्म भेद आहे. 'वाचकाची फसवणूक झाली' आणि 'वाचक फसला' ही दोन वाक्ये एकच अर्थ सांगत नाहीत. पहिल्यात दोष फसविणाऱ्याकडे जातो, दुसऱ्यात फसणाऱ्याच्या गाफीलपणाकडे. या कादंबरीवरील सारा वाद या दोन वाक्यांमधला आहे. तो तर्काने सोडविण्यापेक्षा ग्रंथ उघडून सोडवावा, हे बरे.

खुनाच्या रात्रीचा प्रसंग घ्या. पत्र अभ्यासिकेत आणले जाते तेव्हा नऊला वीस मिनिटे कमी असतात. डॉक्टर बाहेर पडतो तेव्हा नऊला दहा मिनिटे कमी असतात, आणि पत्र अजून पुरते वाचलेले नसते. या दोन वेळा डॉक्टर स्वतःच नोंदवितो. मधल्या दहा मिनिटांत काय घडले ते तो सांगत नाही. पुढे दाराशी घुटमळून आपले काही करावयाचे राहिले तर नाही ना, असा विचार केल्याचे तो लिहितो. प्रथम वाचताना हा एका काळजीवाहू वैद्याचा स्वभाव वाटतो. दुसऱ्या वाचनात तीच ओळ अंगावर काटा आणते. घरापासून फाटकापर्यंतची वाट पाच मिनिटांची. डॉक्टर फाटकाशी पोचतो तेव्हा नऊचे ठोके पडत असतात. म्हणजे पाच मिनिटे जास्त लागली. हा हिशेब प्वारोने केला. तो करण्यास लागणारे सर्व आकडे वाचकाच्याही हाती होते. प्रेत सापडल्यावर नोकर पोलिसांना कळविण्यास जातो आणि डॉक्टर खोलीत एकटा उरतो. तेव्हा जे थोडेसे करणे आवश्यक होते ते आपण केले, इतकेच तो म्हणतो. मृताचा आवाज नंतरही ऐकू यावा म्हणून लावून ठेवलेले ध्वनिमुद्रणाचे यंत्र तेथून हलविणे, हे ते 'थोडेसे' काम. इतकेच नव्हे, तर कथेच्या उत्तरार्धात प्वारो डॉक्टरचे हस्तलिखित वाचतो आणि त्यात लेखकाने स्वतःला किती मागे ठेवले आहे याची प्रशंसा करतो. वाचकाच्या कानात याहून स्पष्ट काय सांगावे?

तेव्हा खोटे वाक्य कोठेही नाही; आहे ते मौन. आणि मौन ही निवेदनाचीच एक क्रिया आहे. याच मुद्द्याने ही कादंबरी करमणुकीच्या मर्यादा ओलांडून वाङ्मयविचाराच्या प्रांतात येते. प्रथमपुरुषी निवेदनात 'मी' वर विसंबण्याची आपली सवय फार जुनी आहे. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो!' मधील यमू आपली कहाणी सांगते, तेव्हा तिच्यावर अविश्वास दाखविण्याचे कोणा वाचकाच्या मनातही येत नाही, आणि येऊही नये. त्या कादंबरीचे नैतिक बळ त्या विश्वासातच आहे. परंतु 'मी' म्हणून बोलणारा प्रत्येक जण यमू नसतो. अमेरिकन समीक्षक वेन बूथ याने 1961 मध्ये 'अविश्वसनीय निवेदक' ही संज्ञा रूढ केली. तिचा इतका ठळक व लोकप्रिय नमुना ख्रिस्तीबाईंनी पस्तीस वर्षे आधीच लोकांपुढे ठेवला होता. ही युक्ती त्यांनीच प्रथम शोधली असे मात्र नव्हे. चेकॉव्हच्या तरुणपणीच्या एका कादंबरीत, 1884–85 च्या सुमारास, हस्तलिखित घेऊन येणारा लेखकच शेवटी गुन्हेगार निघतो.

दुसरा आक्षेप याहून मूलगामी होता. फसवणूक न्याय्य असो वा नसो, असल्या कथा वाचाव्याच कशाला? अमेरिकन टीकाकार एडमंड विल्सन याने 1944 मध्ये रहस्यकथांवर टीका केली, तेव्हा त्याच्यावर वाचकांच्या निषेधाच्या पत्रांचा वर्षाव झाला. त्यांनी सुचविलेली पुस्तके वाचून 1945 मध्ये त्याने दुसरा लेख लिहिला आणि त्याचे शीर्षकच असे दिले की, ॲक्रॉइडला कोणी मारले याची पर्वा कोणाला? हे वाचन एक व्यसन आहे, असे त्याचे मत पडले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, शीर्षकात नाव असले तरी या कादंबरीचे परीक्षण त्या लेखात नाही. रोख होता तो एकूण प्रकारावर. 1944 मध्येच रेमंड चँडलर या रहस्यकथाकारानेही इंग्रजी पद्धतीच्या कोडेवजा खूनकथांतील कृत्रिमतेवर कोरडे ओढले. उलट 1948 मध्ये डब्ल्यू. एच. ऑडन या कवीने व्यसनाची कबुली देऊनही तिच्यातून चिंतन काढले. शांत, निष्पाप भासणाऱ्या वस्तीत पाप प्रकट व्हावे, सर्वांवर त्याची छाया पडावी आणि अखेर खऱ्या दोषीच्या उघड होण्याने बाकीचे निर्दोष ठरावेत, या विधीत वाचकाला स्वतःच्या अपराधभावनेतून सुटका मिळते, असे त्याचे विवेचन आहे. हे निकष लावले तर प्रस्तुत कादंबरी विलक्षण ठरते. कारण येथे जो दोषी ठरतो, त्याच्याशी वाचक पानोपानी एकरूप झालेला असतो. सुटका मिळण्याऐवजी तोच क्षणभर आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. आरंभीच्या वाचकांचा राग इतका तीव्र का होता, याचे एक कारण येथे सापडेल, असे आम्हांस वाटते.

वाद येथेही संपला नाही. फ्रेंच प्राध्यापक व मनोविश्लेषक प्येर बायार याने 1998 च्या आपल्या ग्रंथात प्वारोवरच खटला भरला. निवेदक लपवाछपवी करतो हे एकदा मान्य केले, तर गुप्तहेराचा निष्कर्ष तरी अचूक कशावरून, असे विचारून त्याने डॉक्टरच्या बहिणीकडे संशयाचे बोट वळविले. हे मत ग्राह्य मानण्याची गरज नाही. पण संशयाची दीक्षा दिलेला वाचक लेखिकेच्याही पुढे जाऊ शकतो, हे त्यावरून दिसते. आणि 2013 मध्ये ब्रिटनमधील गुन्हेकथालेखकांच्या संघटनेच्या सभासदांनी मतदान करून याच कादंबरीला आजवरची सर्वोत्कृष्ट गुन्हेकथा ठरविले. जिला एके काळी नियमबाह्य म्हटले गेले, तिला त्याच धंद्यातल्या लोकांनी अग्रपूजेचा मान दिला.

मग विल्सनच्या आक्षेपाचे काय? तो सर्वस्वी टाकाऊ नाही. या कादंबरीतील माणसे बहुतेक ठशाची आहेत, भाषा कामापुरती आहे, आणि मृत ॲक्रॉइडविषयी कोणालाही, वाचकालाही, शोक होत नाही. दुःखाला पारखे झालेले मरण हे या वाङ्मयप्रकाराचे खरे उणेपण आहे. ते झाकण्यात अर्थ नाही. परंतु एकदा उत्तर कळले की कोडे निरुपयोगी होते, हा जो नेहमीचा आरोप, तो मात्र येथे लागू पडत नाही. उत्तर कळल्यावरच या पुस्तकाचे दुसरे वाचन सुरू होते, आणि ते पहिल्याहून अधिक समृद्ध असते.

शिक्षकवर्गाच्या दृष्टीने याचे मोल वेगळे आहे. आपल्या मुलांना आपण शब्दार्थ शिकवितो, सारांश शिकवितो. परंतु सांगणारा कोण आहे, तो काय सांगत नाही आणि का सांगत नाही, हे विचारण्यास क्वचितच शिकवितो. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर मराठी वाचकांच्या पिढ्या वाढल्या. त्या वाचकांची उत्कंठा आपण हसण्यावारी नेली, तिचा उपयोग मात्र करून घेतला नाही. वरच्या वर्गात एखादे प्रथमपुरुषी प्रकरण द्यावे, त्यातील वेळा व हालचाली मुलांकडून फळ्यावर मांडून घ्याव्यात आणि कोणती दहा मिनिटे हरवली आहेत ते त्यांनाच शोधू द्यावे. जो विद्यार्थी हे करील, तो पुढे वर्तमानपत्रातील बातमी, इतिहासातील बखर किंवा एखाद्या थोर पुरुषाचे आत्मचरित्र वाचतानाही तोच प्रश्न विचारील. त्याला रहस्यकथेचा नाद लागेल ही भीती, या लाभापुढे, फारशी मोठी नाही.