बाटलीतील पाण्याची खरी किंमत

पंचगंगेच्या काठी वसलेल्या कोल्हापुरात पिण्याचे पाणी विकत घ्यावे, हा विरोधाभासच म्हटला पाहिजे. अर्थात, त्याला कारणेही आहेत. नदीत मिसळणारे सांडपाणी, २०१२ मध्ये इचलकरंजीत पसरलेली काविळीची साथ, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात बुडालेली उपसा केंद्रे यांमुळे नळाच्या पाण्यावरील विश्वास डळमळला. लग्नकार्यापासून कार्यालयापर्यंत बाटल्या आणि जार रूढ झाले.

या सोयीची किंमत मात्र केवळ रुपयांत मोजता येत नाही. अमेरिकेतील पॅसिफिक इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २००९ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार एक लिटर बाटलीबंद पाण्यामागे ५.६ ते १०.२ मेगाज्यूल ऊर्जा खर्ची पडते. नळाच्या पाण्याला लागते अवघी ०.००५ मेगाज्यूल. म्हणजे फरक हजार पटींहून अधिक! यातील मोठा वाटा खनिज तेलापासून बनणाऱ्या प्लास्टिक बाटलीचा असतो. त्यामुळे कारखाना गावाजवळ असला, तरी वाहतूक वाचते, बाटलीचा भार टळत नाही. पुन्हा पुन्हा भरला जाणारा जार त्या मानाने बरा. पण तेथेही शुद्धीकरण यंत्रातून बरेच पाणी वाया जाते.

नळाच्या पाण्याविषयी शंका असल्यास ते उकळावे. एक लिटर पाणी गॅसवर उकळण्यास साधारण ०.६ मेगाज्यूल ऊर्जा पुरते. हा खर्चही बाटलीच्या एक नवमांशाइतकाच. शिवाय बाटली म्हणजे शुद्धतेची हमी नव्हे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोलंबिया विद्यापीठाच्या अभ्यासात अमेरिकेतील बाटलीबंद पाण्याच्या एका लिटरमध्ये सरासरी सुमारे २ लाख ४० हजार प्लास्टिकचे सूक्ष्म कण आढळले.

नोव्हेंबर २०२३ मध्ये काळम्मावाडी धरणाचे पाणी थेट पाईपलाईनने पुईखडीच्या शुद्धीकरण केंद्रात पोहोचले. आता प्रश्न उरतो तो केंद्रापासून घरापर्यंतच्या प्रवासाचा. गळक्या वाहिनीत पुरवठा बंद असताना बाहेरचे दूषित पाणी शिरू शकते. म्हणूनच नळाच्या टोकाशी प्रतिलिटर किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असावे, असे भारतीय मानक सांगते. ही तपासणी प्रभागवार नियमित होऊन तिचे निष्कर्ष नागरिकांसमोर आले, तर बाटलीची गरज आपोआप घटेल. अन्यथा ज्यांना परवडते ते बाटली घेतील आणि ज्यांना परवडत नाही, त्यांच्या वाट्याला शंकास्पद पाणी व इतरांच्या रिकाम्या बाटल्यांचा ढीग येईल.