दाभोळचा वाद मॉरिशसमार्गे कसा गेला?

मी जबलपूरहून बोलतोय. आमच्या गावात हायकोर्ट आहे, त्यामुळे ‘तारीख’ म्हणजे काय हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पण कोर्टातल्या विलंबापायी देशाला परदेशी कंपनीला भरपाई द्यावी लागली, हे सांगितलं की लोक चमकतात.

हे घडतं द्विपक्षीय गुंतवणूक करारामुळे. दोन देश एकमेकांना वचन देतात: तुमच्या गुंतवणूकदाराला न्याय्य वागवू, भरपाईशिवाय त्याची मालमत्ता घेणार नाही. वचन मोडलं, तर कंपनी थेट सरकारविरुद्ध आंतरराष्ट्रीय लवादाकडे जाऊ शकते. भारताने असा पहिला करार 1994 मध्ये ब्रिटनशी केला.

आता आपलं दाभोळ घ्या. 2001 मध्ये बिलांवरून वाद पेटला आणि प्रकल्प बंद पडला. एन्रॉनच्या भागीदार जीई आणि बेक्टेल या अमेरिकी कंपन्या. अमेरिकेशी तर आपला असा करारच नव्हता! पण त्यांची गुंतवणूक मॉरिशसमधल्या कंपन्यांमार्फत आली होती आणि मॉरिशसशी करार होता. त्याच्या आधारे 2003 मध्ये दावे झाले. 2005 मध्ये तडजोड झाली.

दुसरं प्रकरण व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीचं. कोल इंडियाविरुद्ध 2002 मध्ये तिच्या बाजूने लवादाचा निकाल लागला, पण अंमलबजावणी आपल्या कोर्टांत वर्षानुवर्षं अडकली. 2011 मध्ये दुसऱ्या लवादाने भारताला जबाबदार धरलं. गंमत पाहा, दाद मागण्याच्या परिणामकारक सोयीचं कलम ऑस्ट्रेलियाच्या करारात नव्हतंच. ते कुवेतच्या करारातून उसनं घेतलं, कारण ‘इतरांना देता ते आम्हालाही’ अशी अट ऑस्ट्रेलियाच्या करारात होती. 2020 मध्ये व्होडाफोन आणि केअर्न यांच्या करप्रकरणांतही भारत हरला.

अशा दाव्यांतून धडा घेऊन सरकारने 2016 मध्ये नवा नमुना करार आणला. आधी पाच वर्षं इथल्या कोर्टात दाद मागा, मग लवाद. करविषयक निर्णय कराराबाहेर. उसनवारीचं कलमही वगळलं. पन्नासहून अधिक देशांना जुने करार संपवत असल्याचं कळवलं. दक्षिण आफ्रिका आणि इंडोनेशियानेही जुने करार मोडीत काढले. मात्र करार संपला तरी आधीच्या गुंतवणुकीला बहुतेकदा दहा-पंधरा वर्षं संरक्षण राहतं.

मग करार नकोतच का? तसं नाही. आता आपल्या कंपन्याही बाहेर पैसा लावतात. त्यांनाही संरक्षण हवं. म्हणूनच 2024 मध्ये लागू झालेल्या संयुक्त अरब अमिरातीबरोबरच्या करारात पाच वर्षांची अट तीनवर आली.

माझं म्हणणं एवढंच: भरपाई शेवटी तुमच्या-माझ्या करातून जाते. वीज कुणाकडून, किती दराने घ्यायची हे आपण निवडून दिलेलं सरकार ठरवतं, पण त्याची किंमत ठरवणारं कलम कधीकधी भलत्याच देशाच्या करारात असतं. म्हणून करारावर सही होण्याआधी संसदेत त्यावर चर्चा व्हावी, हा आग्रह आपण धरायला हवा.